तलाठ्याच्या मानेतला तांदूळ

तक्रार पहिली : स्वेटर

सोमवारी सकाळी तुंगार्लीच्या तळ्यावर इतकं धुकं होतं, की आधी लाल स्वेटर दिसला, मग स्वेटरमधला कुत्रा, आणि सगळ्यात शेवटी दोरी धरून चालणारा माणूस.

माणसाशी सारिकाला काही देणंघेणं नव्हतं. ती भाजे गावाहून आली होती, बंगल्यांवरचे रिकामे डबे गोळा करायला. शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाकरी-पिठलं पोचवायचं आणि सोमवारी डबे परत न्यायचे, हा तिचा आणि आईचा धंदा. स्कूटीच्या पायाशी डबे खडखडत होते, नाकाचा शेंडा गारठला होता, आणि मनात होतं ते फक्त आल्याच्या चहाचं.

पण स्वेटरच्या मागच्या बाजूने एक शेपूट बाहेर आलं होतं. पांढरं. टोकाशी डावीकडे मुडपलेलं. हे शेपूट सारिकाने वर्षानुवर्षं उंबऱ्यावरून झाडूने बाजूला सारलं होतं.

तिने स्कूटी थांबवली.

"तलाठ्या..." एवढंच म्हणाली, तेही हळू.

पुढचं सगळं एकदम झालं. कुत्रा वळला, दोरी ताणली, माणूस घसरला, आणि दवाने भिजलेल्या गवतातून ओढला जात थेट सारिकाच्या चपलांपाशी येऊन थांबला. कुत्रा तिच्या मांडीवर चढून तोंड चाटत होता. माणूस खाली पडल्या पडल्या चष्मा शोधत होता.

"सॉरी हं," तो म्हणाला. "ऑस्कर असा कधी वागत नाही."

"कोण ऑस्कर?"

"हा."

"हा तलाठी आहे," सारिका म्हणाली. "गावात येतो कधी, जातो कधी, कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून अख्खं गाव त्याला तलाठी म्हणतं. माझा कुत्रा आहे. चंपाषष्ठीपासून मी शोधतेय त्याला. मळवली स्टेशन पाहिलं, लोहगडाचा पायथा पाहिला, हायवेच्या कडेनं चालले... कशासाठी चालले ते सांगत नाही. आणि तुम्ही त्याला स्वेटर घालून फिरवताय."

माणसाला चष्मा सापडला. त्याने तो पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पाहिलं, आणि जे बोलायचं होतं ते विसरल्यासारखा थांबला. मग खाली बघून म्हणाला,

"तुमचं काहीतरी चुकतंय. चिपमध्ये मालकाचं नाव वेगळं आहे."


तक्रार दुसरी : तांदूळ

दवाखाना लोणावळ्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. तो माणूस तिथला धाकटा डॉक्टर, सुहास. कान्हे गावचा. थोरले डॉक्टर दुपारी यायचे, तोवर प्राण्यांचं आणि त्यांच्या मालकांचं सगळं याच्याच गळ्यात.

त्याने कुत्र्याच्या खांद्यांवरून एक यंत्र फिरवलं. बीप वाजली. छोट्या पडद्यावर लांबलचक आकडा उमटला.

"हे बघा. कातडीखाली चिप आहे, तांदळाएवढी. तिच्यात हा नंबर. नंबर कॉम्प्युटरवर टाकला की मालकाचं नाव येतं. कुत्रा हरवला आणि कुणी दवाखान्यात आणला, तर..."

"कुठल्या तांदळाएवढी?"

"म्हणजे?"

"इंद्रायणी, कोलम, आंबेमोहर? तांदूळ म्हणजे काय एकच असतो?"

सुहासने विचार केला. खरंच केला. "बासमतीएवढी."

"तरीच," सारिका म्हणाली. "आमच्या मावळातला असता तर खरं बोलला असता."

त्याला हसू आलं. तिला नाही आलं. तिने कुत्र्याच्या मानेवर हात फिरवला, पण बोटांना काही लागलं नाही.

"आणि ही चिप आत गेली म्हणून तो त्या बाईंचा झाला? माझ्या घरी डोळे उघडले त्याने. ताक पिऊन मोठा झाला. माझ्या दोन चपला आणि आईचा एक पदर खाल्लाय. ते कुठल्या कॉम्प्युटरवर येतं?"

"ते... येत नाही."

"मग काय कामाचा तुमचा कॉम्प्युटर?"

नाव होतं अनघा मॅडमचं. पुण्याच्या. तुंगार्लीत बंगला, शनिवार-रविवारी यायच्या. चंपाषष्ठीच्या दुपारी भाज्याहून मळवलीला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना हा कुत्रा दिसला, अंगभर पिवळा. कुणीतरी रंग फासून सोडून दिला असं वाटून त्यांनी त्याला गाडीत घातला आणि इथे आणला. पुण्याच्या सोसायटीत कुत्रा चालत नव्हता, म्हणून सोमवार ते शुक्रवार तो इथेच राहायचा, मागच्या पिंजऱ्यात.

"म्हणजे वाचवला," सारिका म्हणाली, "आणि पिंजऱ्यात ठेवला."

सुहासने यंत्र खणात ठेवलं.

"मी आत्ता घेऊन जाऊ शकते त्याला. दार उघडं आहे, तुम्ही अडवणार नाही हे दिसतंय. पण माझ्याच कुत्र्याला मी चोरू कशाला? त्या बाईंनी त्याला माझ्या दारात आणून द्यायचा. तोवर मी रोज येणार. आणि रोज भांडणार."

"या," सुहास म्हणाला. फार पटकन म्हणाला. मग सावरून, "म्हणजे... भेटायला. ऑस्क– तलाठ्याला."


तक्रार तिसरी : काळा दोरा

"त्याच्या गळ्यात दोरा होता. काळा. बिब्बा ओवलेला."

"होता."

"कुठाय?"

"चिप घालताना कापला. कुजला होता, ओला."

"डॉक्टर, एक विचारू? कुत्रा स्वतःच्या गळ्यात स्वतः दोरा बांधतो का?"

"नाही."

"बिब्बा स्वतः ओवतो का?"

"...नाही."

"मग तो कापताना एकदा तरी मनात आलं का, की हा कुणीतरी बांधलाय?"

या प्रश्नावर सुहासने जे केलं त्याने सारिकाची पंचाईत झाली. त्याने सबब सांगितली नाही. कान लाल झाले, हातातला कापूस टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "यायला हवं होतं."

भांडणाऱ्या माणसाला समोरच्याने असं मान्य केलं की फार चीड येते. पुढचं सगळं भांडण तोंडात तसंच राहतं. ते गिळत ती डबा उघडून बसली आणि तलाठ्याला भाकरी कुस्करून घालू लागली. त्यातला चतकोर तुकडा सुहासने न विचारता उचलून खाल्ला.

"कुत्र्याची आहे ती."

"म्हणूनच. आमच्याकडे मला एवढी चांगली मिळत नाही."


तक्रार चौथी : डूल
(ही सारिकाची नव्हे. तिच्या आईची, चिमाबाईंची.)

"कुटं निगालीस?"

"लोणावळ्याला. भांडायला."

"काल बी गेलतीस."

"काल अर्धवट राहिलं."

"आन् भांडायला जाताना कानात नवं डूल घालत्यात व्हय गं?"


पुन्हा तक्रार दुसरी, कारण ती मिटली नव्हती

अनघा मॅडमशी सुहास फोनवर बोलला. एकदा नाही, पुन्हापुन्हा. मॅडम ठाम होत्या. कुत्र्याला उघड्यावर सोडणारी, रंग फासणारी माणसं. त्यांच्या हातात परत कसा देऊ? शिवाय नोंद माझ्या नावावर आहे.

सुहासने हे सारिकाला जसंच्या तसं सांगितलं. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, तलाठ्याचं डोकं मांडीवर घेऊन. उन्हं कलली होती. समोरच्या चिक्कीच्या दुकानातून गुळाचा वास येत होता. ती इतकी चिडली की तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडली.

सुहासने रुमाल पुढे केला.

"याला औषधाचा वास येतोय."

"माझ्या सगळ्यालाच येतो."

तिने रुमाल घेतला. परत दिला नाही.

"उघड्यावर सोडतो म्हणे. अहो, गावात दारं उघडी असतात. तो सकाळी आमच्याकडे, दुपारी हौशीराम आबांच्या खळ्यावर पेंढ्यात झोपायला, संध्याकाळी शाळेपाशी. चार घरं त्याला नावाने हाक मारतात. तुमच्या बंगल्यांना कुंपण असतं म्हणून आम्ही काय बेवारस?"

"माझा बंगला नाही," सुहास म्हणाला. "माझं कान्ह्यात दोन खोल्यांचं घर आहे. कुंपण नाही."

"मी तुम्हाला नाही म्हणत."

"मला म्हणा. मला चालतं."

असं कुणी म्हटल्यावर काय करायचं असतं? सारिकाने तलाठ्याचा कान धरून त्यावरची गोचीड शोधायला सुरुवात केली. गोचीड नव्हती. तरी ती बराच वेळ शोधत राहिली, आणि शेजारच्या पायरीवर तो बराच वेळ बसून राहिला. दोघांच्या मध्ये एक कुत्रा मावेल एवढंच अंतर होतं, आणि कुत्रा तर तिच्या मांडीवर होता.


तक्रार पाचवी : जी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती

शुक्रवारी तो तलाठ्याला आंघोळ घालत होता. सारिका टॉवेल धरून उभी होती. बोलता बोलता तो सहज म्हणाला,

"पाठीचा गेला लगेच. पण कानामागचा भंडारा काही केल्या निघेना."

टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला.

मॅडमनी रंग म्हटलं होतं. भंडाऱ्याचं सारिकाने कधी काही सांगितलं नव्हतं. रागाच्या भरात राहूनच गेलं होतं. चंपाषष्ठीला घरी तळी भरली, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, त्यातला घास देवाच्या कुत्र्याचा म्हणून तलाठ्याला घातला, आणि आई त्याच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावायला गेली तर हा पठ्ठ्या भंडाऱ्याच्या ताटातच लोळला. सगळं घर पोट धरून हसलं. ती हसून ताट विसळायला गेली, तेवढ्यात हा भटकायला निघाला. पिवळाजर्द. शेवटचा दिसला तो असा.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

पाणी नळातून वाहत होतं. सुहासने तो बंद केला.

"व्हय," तो म्हणाला.

दवाखान्यात तो पुस्तकी बोलायचा. आता कान्ह्याचं बोलला.

"आमच्या घरात तळी नसते. पण समोरच्या घरात असते. ल्हानपणी दर वर्षी भरीत-रोडगा तितनंच यायचा. वासावरून वळखलं मी. मॅडम रडत होत्या, विचारत होत्या, कोण असं करतं. थोरले डॉक्टर शेजारी उभे. नोकरीला लागून महिना झाला नव्हता. मी म्हणालो... माहीत नाही."

"आणि?"

"म्हटलं, ज्याचा असेल तो येईल शोधत."

"ज्याचा असेल तो." सारिकाचा आवाज चढला नाही, खाली गेला. "दोरा कापला, भंडारा धुतला, नाव बदललं, अंगावर स्वेटर चढवला, मानेत दुसऱ्याचा नंबर घातला. खूण म्हणून एक ठेवली नाही. आणि म्हणे येईल शोधत. त्या बाईंना कळलं नाही, त्यांचं एक ठीक आहे. तुम्हाला कळत होतं, डॉक्टर."

टॉवेल तिने त्याच्या खांद्यावर टाकला आणि निघाली. तलाठी दारापर्यंत आला, ओला, आणि कुणाबरोबर जावं ते न कळून तिथेच थांबला.


(इथे भांडण नाही. इथे सारिका बोलतच नाही.)

त्या रात्री फोनवर, सुहासकडून:

आज त्याने खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी:

खाल्लं. आमच्या आईची भाकरी. तोंड वाकडं करून खाल्ली. त्याचं बरोबर आहे.

दुपारी:

मॅडम आल्या आहेत. आता सांगतो त्यांना.

संध्याकाळी:

सांगितलं.

त्यापुढे काही नाही. सारिकाने प्रत्येक संदेश वाचला, उत्तर एकाचंही दिलं नाही, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या अशा थापल्या की चिमाबाई म्हणाल्या, "अगं परात फुटंल. त्यो डॉक्टर न्हाई त्यात."


तक्रार सहावी : रस्ता

रविवारी सकाळी भाज्यात, त्यांच्या अंगणासमोर, एक मोठी गाडी थांबली. मागे मोटारसायकलवर सुहास. गाडीतून आधी अनघा मॅडम उतरल्या, मग तलाठी. स्वेटर नव्हता.

सारिका ओट्यावर उभी राहिली. सगळी आळी आपापल्या दारात. आता तो धावत येणार, झेप घेणार, आणि पाहू दे त्या बाईंना.

तलाठी उतरला. अंगण हुंगलं. वळला, अनघा मॅडमच्या हातातलं बिस्कीट खाल्लं, आणि मग अंगणाच्या मधोमध उन्हात पाय ताणून झोपला.

"फितूर," सारिका पुटपुटली.

"मला खरंच वाटलं होतं," अनघा मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी त्याच्यावर रंग ओतलाय. मी गाडीत रडले होते."

चिमाबाईंनी त्यांना खाट दाखवली. "बसा बाई. तुमी मायेनं उचलला, त्ये दिसतंय की. जाड झालाय. पर तुमी इचारलं न्हाई."

"कुणाला विचारणार? एकटाच रस्त्यावर होता."

"रस्त्यावर व्हता. पर रस्ता गावातच व्हता न्हवं? पयल्या दारात इचारलं असतं तर त्यांनी आमचं घर दावलं असतं. दुसऱ्यात इचारलं असतं तर त्यांनी त्येचं नाव सांगितलं असतं."

अनघा मॅडमनी आळीतल्या दारांकडे पाहिलं. प्रत्येक दारात कुणीतरी होतंच. एका दारातून कुणी "तलाठ्या, हड्" म्हणालं आणि झोपल्या झोपल्या त्या कुत्र्याचा कान हलला. मॅडमनी ते पाहिलं. चेहऱ्यावरचा ताठरपणा हळूहळू उतरला... आणि मग वळून सुहासवर गेला.

"आणि तुम्ही. मी विचारलं होतं तुम्हाला. एकुलता एक माणूस, ज्याला मी विचारलं. तुम्ही तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी त्याच दुपारी त्याला इथे आणून सोडला असता. इतके दिवस मी याच्यात जीव गुंतवला. आता मी काय करू? तुमच्या थोरल्या डॉक्टरांनी काल माफी मागितली माझी. म्हणाले, उद्यापासून तुम्ही दवाखान्यात दिसणार नाही. बरंच झालं म्हणते मी."

सुहास खाली मान घालून उभा होता. मॅडमचं एक अक्षर खोटं नव्हतं. सारिकानेही शुक्रवारी हेच म्हटलं होतं, याहून कडक.

आणि तरी तिच्या डोक्यात सणक गेली.

"बरं काय झालं त्यात?" ती ओट्यावरून खाली उतरली. "तेव्हा बोलले नाहीत, चुकलं. पण काल बोलले ना? नोकरी जाणार हे माहीत असून बोलले ना? नसते बोलले तर तुम्हाला कधी कळलं असतं? आणि कसले हो तुमचे थोरले डॉक्टर, त्या दिवशी शेजारीच उभे होते ना ते, त्यांना नाक नव्हतं? यांना काढलं, आणि स्वतः? खरं बोलल्यावर नोकरी जाते, तर उद्या कुठला डॉक्टर खरं बोलेल?"

सुहासने मान वर केली. चिमाबाईंनी लेकीच्या कानांकडे पाहिलं. डूल हलत होते.

अनघा मॅडमनी आधी सारिकाकडे, मग सुहासकडे बघितलं, आणि का कोण जाणे, त्यांचा राग तिथेच सरला. गळपट्ट्याची दोरी हातात घुटमळत होती. ती त्यांनी चिमाबाईंच्या हातात दिली.

"मी... अधूनमधून आले तर चालेल?"

"या की. जेवायलाच या," चिमाबाई म्हणाल्या. "फकस्त उचलून न्हिऊ नका कुनाला."


तक्रार सातवी, आणि सध्यापुरती शेवटची : दुसरा नंबर

गाडी गेली. आळी आपापल्या कामाला लागली. सुहास ओट्यावर बसला, फोनवर नोंदणीचं पान उघडून. मॅडमनी त्यांच्याकडून होकार पाठवला होता. नाव तेवढं बदलायचं राहिलं होतं. भाताचा पेंढा उन्हात तापून त्याचा गोडसर वास अंगणभर पसरला होता. सारिका शेजारी बसली. मध्ये आता कुत्रासुद्धा नव्हता.

"प्राण्याचं नाव?"

"माहितीये तुम्हाला."

"तलाठी." त्याने टाइप केलं. "मालक?"

"मी. आणि आई. आणि हौशीराम आबा. आणि..."

"एकच मावतं."

"बघा. म्हणूनच हा सगळा घोळ." पण तिने स्वतःचं नाव सांगितलं.

"उद्यापासून कान्ह्यात, घराच्या ओसरीवर बसणार आहे," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "दवाखाना म्हणून. पाटी नाही अजून. गावोगावच्या कुत्र्यांना चिप घालेन म्हणतो. त्यांच्या त्यांच्या माणसांच्या नावाने. आधी विचारून."

"कुणाला?"

"पहिल्या दारात. नाहीतर दुसऱ्या."

तिने हसू आवरलं. पुरतं आवरलं गेलं नाही.

"इथे आणखी एक विचारतात," तो म्हणाला. "मालकाचा फोन लागला नाही तर दुसरा नंबर. आईंचा घालू?"

"आई फोन वाजला की कापते."

"मग हौशीराम आबांचा?"

"आबांकडे फोनच नाही."

"मग... कुणाचा?"

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस शिकलेला आहे. परीक्षा पास झालेला आहे.

"डॉक्टर, रोज घरची कामं अर्धी टाकून मी लोणावळ्याला यायचे. ते काय नुसतं कुत्र्यासाठी?"

"मला..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मला वाटायचं, कुत्र्यासाठीच असेल. नसावं असं वाटायचं. पण असेल."

"तुम्हाला मानेतलं तेवढं वाचता येतं. तेही यंत्राने."

"मग शिकीव की," तो हळूच म्हणाला. कान्ह्याचं बोलला, आणि पहिल्यांदाच तिला अगं-तुगं केलं.

"मी अजून चिडलेली आहे."

"माहितीये."

"पुष्कळ दिवस चिडणार आहे."

"चालेल. मी रोज येतो, तू रोज चीड."

तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या नंबराच्या जागी आकडे दाबू लागली. भराभर, कुठेही न बघता, न विचारता. सुहास वाकून वाचत गेला. शेवटचा आकडा पडला तेव्हा त्याचं तोंड उघडं राहिलं. नंबर त्याचा होता, आणि तिला तोंडपाठ होता.

"मिटा ते," सारिका म्हणाली. "आई बघतेय."